टॉविन गांव व त्याच्या आसपासचीं स्थळें

ग्रेट ब्रिटनच्या पश्चिमेस वेल्स हा डोंगराळ देश आहे. त्याच्या कार्डिगन उपसागराच्या कांठीं टॉविन नांवाचें एक लहानसें गांव वसलें आहे. नकाशांत तें शोधण्यास वाचकांस थोडे श्रम पडतील. परंतु त्याच्या आसपास जें पाहण्यासारखें आहे, तें पुष्कळ मोठ्या शहरांच्याहि वांट्यास आलेलें नाहीं, असें आम्हांस वाटतें.

गांवांत संत कॅडवन याच्या नांवाचें प्राचीन प्रार्थनामंदिर आहे. त्यांत पुरुषभर उंचीची एक अरुंद शिळा जपून ठेविली आहे. हजार वर्षांहून जुना असा तिच्यावरील लेख वेल्श भाषेंतील सर्वांत जुना कोरीव लेख मानला जातो. शिलालेख म्हटला कीं आपल्या मनांत राजाचा विजय किंवा दानपत्र येतें. या शिळेवर मात्र स्त्रियांचीं नांवें व त्यांच्या वियोगाचें दुःख कोरलेलें आहे.

गांवांतूनच तालिल्लिन रेल्वेची छोटी आगगाडी निघते. तिच्या रुळांमधील अंतर अवघें २ फूट ३ इंच. डोंगरांतील पाटीचा दगड खालीं आणण्यासाठीं ती १८६५ च्या सुमारास बांधली गेली. १९४६ सालीं खाण बंद पडली. तेव्हां रेल्वेप्रेमी लोकांनीं पुढाकार घेतला व १९५१ पासून विनावेतन काम करून ती चालू ठेविली. जगांत अशा प्रकारें वांचविलेली ही पहिली रेल्वे होय.

डसन्नी नदीच्या खोऱ्यानें वर गेलें असतां एक उंच कडा लागतो. समुद्रावर राहणारे पाणकावळे येथें समुद्रापासून कित्येक मैल आंत घरटीं करितात. पूर्वीं भरतीचें पाणी या कड्याच्या पायथ्यापर्यंत येत असे. पाणी मागें हटलें, पक्षी मात्र हटले नाहींत! त्यापुढें खडकाच्या आकारास अनुसरून बांधलेला कास्तेल-अ-बेरे हा किल्ला आहे. तो थोरल्या लुएलिननें १२२१ सालीं बांधण्यास घेतला. १२८३ सालीं तो इंग्रजांच्या हातीं पडला आणि १२९४ च्या बंडानंतर ओस झाला.

किल्ल्याजवळच एका पडक्या घराच्या जागीं मेरी जोन्स हिचें स्मारक आहे. ती विणकराची मुलगी. वेल्श भाषेंत संपूर्ण पवित्र शास्त्र १५८८ सालींच छापलें गेलें होतें; तरी गरिबाच्या घरीं तें दुर्मिळच. तिनें कित्येक वर्षें पैसे सांठविले आणि १८०० सालीं सुमारें २५ मैल डोंगरवाट तुडवून बाला गांवीं रेव्हरंड टॉमस चार्ल्स यांजकडून तो ग्रंथ विकत घेतला. ती अनवाणी गेली असें सांगतात. पुढील कथाकारांनीं या गोष्टीस बराच रंग चढविला, हें आम्ही जाणतों. पण प्रवास खोटा नाहीं. वेल्श लोकांस ग्रंथ पुरत नाहींत, हें गाऱ्हाणें चार्ल्स यांनीं १८०२ सालीं लंडनमध्यें मांडलें व १८०४ सालीं बायबल सोसायटी स्थापन झाली. मराठी शास्त्रग्रंथाच्या छपाईसहि पुढें याच संस्थेचें साहाय्य झालें.

मेरीची प्रत केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयांत आहे. आपण हा ग्रंथ वयाच्या सोळाव्या वर्षीं विकत घेतला, असें तिनें त्यांत स्वहस्तें लिहिलें आहे. ग्रंथ वेल्श, मुलगी वेल्श. नोंद मात्र मोडक्यातोडक्या इंग्रजींत आहे.