दूरस्थ चिकित्सेत दर्शनपरीक्षेची मर्यादा

वाग्भटाचार्यांनी दर्शन, स्पर्शन व प्रश्न अशी त्रिविध रुग्णपरीक्षा सांगितली आहे. एप्रिल २०२० मध्ये आयुर्वेद, सिद्ध व युनानी चिकित्सकांसाठी दूरस्थ चिकित्सेची मार्गदर्शक तत्त्वे निघाली, तेव्हा यांपैकी केवळ स्पर्शनास मुकावे लागेल, असा प्रस्तुत लेखकाचाही समज होता.

एका तरुण रुग्णास अरुची, हृल्लास व दौर्बल्य होते. रात्री व्हिडिओवर नेत्र किंचित पीत भासले. दिव्याचा प्रकाश असेल असे मानून अग्निमांद्याची चिकित्सा दिली. तीन दिवसांनी रुग्ण समक्ष आला तेव्हा कामला स्पष्ट होती. तेवढे दिवस पथ्याविना गेले. मोबाइलचा कॅमेरा प्रकाशानुसार वर्ण आपोआप बदलतो. त्यामुळे पिवळा दिवा व पीत नेत्र यांतील भेद पडद्यावर पुसट होतो. परंतु मूत्राचा वर्ण विचारला असता, तर त्याच रात्री शंका दृढ झाली असती. तो प्रश्न राहून गेला.

आता नेत्र, त्वचा व जिह्वा दिवसाच्या उजेडात, शेजारी पांढरा कागद धरावयास सांगून पाहतो. मलमूत्राचा वर्ण आधी विचारतो. (जिह्वा पाहताना चहा व विड्याच्या पानाची चौकशी विसरू नये!) तीव्र उदरशूल असल्यास मात्र वैद्यबंधूंनी रुग्णास विनाविलंब प्रत्यक्ष तपासणीस पाठवावे, उदराचे स्पर्शासहत्व पडद्यावर कळत नाही.