फोडणीतली मेथी वेगळी, चमच्याने घ्यायचं चूर्ण वेगळं



मेथी, जवस, इसबगोल ही नावं आपल्याला नवीन नाहीत. बाळंतिणीला मेथीचे लाडू आणि भाकरीबरोबर जवसाची चटणी हे आपल्या घरचंच खाणं. पण हल्ली याच बियांची चूर्णं आणि कॅप्सूल ‘साखर घालवा’, ‘वजन उतरवा’ म्हणून आठवडी बाजारात आणि मोबाईलवर विकली जातात. आपण म्हणतो, "झाडपाल्याचंच आहे, अपाय काय होणार?" चूक इथंच होते. फोडणीत पडते ती चिमूटभर मेथी, चूर्ण मात्र आपण चमचे भरभरून घेतो. प्रमाण वाढलं की बी औषधासारखं काम करते, मग औषधासारखा अपायही करू शकते.

मेथी

समजा, गटातल्या एका ताईला साखरेची गोळी सुरू आहे. शेजारणीने सांगितलं म्हणून तिने रोज उपाशीपोटी मेथीचं चूर्ण सुरू केलं. गोळी साखर उतरवते, मेथीही उतरवते. त्यात एकादशीचा उपवास आला आणि ती तशीच निंदणीला गेली. दुपारी घाम फुटला, हात थरथरले, डोळ्यांपुढे अंधारी आली. रक्तातली साखर ७० च्या खाली गेली की असं होतं.

अशा वेळी बाई शुद्धीवर असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून पाजा. १५ मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा.

मेथीच्या चूर्णाने गॅस आणि जुलाबही होतात. शेंगदाणा किंवा हरभरा खाऊन ज्यांच्या अंगावर पित्त उठतं, त्यांना मेथीही बाधू शकते. गरोदर बाईने चूर्ण किंवा कॅप्सूल घेऊ नये. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

जवस आणि इसबगोल

दोन्ही पाण्यात फुगतात. कोरडं किंवा कमी पाण्यात घेतलं तर घशात अडकतं, पोट जास्तच घट्ट होतं. म्हणून दर वेळी पेलाभर पाणी प्यायचंच. गिळायला त्रास होणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना देऊ नका. रोजच्या गोळ्या आणि हे यात किमान दोन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर गोळी अंगाला नीट लागत नाही. कच्चा जवस भरपूर खाऊ नये. चटणीला आपण भाजून घेतो, तेच बरं.

पुडी घेताना

कंपनीचं नाव, परवाना क्रमांक, घटक आणि मुदतीची तारीख नसेल तर पुडी घेऊ नका. ‘आयुर्वेदिक’ म्हणून विकलेल्या काही चूर्णांत साखरेची अ‍ॅलोपॅथी गोळी चोरून मिसळल्याचं तपासणीत सापडलेलं आहे. आपला गट चूर्ण विकत असेल तर आपणही ‘साखर बरी होते’ असं लेबलवर छापू नये.

आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: चूर्ण सुरू केलं म्हणून चालू गोळी मनानं बंद करायची नाही.

पुढच्या बैठकीत

प्रत्येकीने घरात कोण कोणतं चूर्ण घेतं ते सांगावं. ज्यांना गोळ्या चालू आहेत, त्यांनी दवाखान्यात जाताना ती पुडी बरोबर न्यावी आणि डॉक्टरांना दाखवावी. लाजायचं काही कारण नाही. डॉक्टरांना माहीत असलं, तरच ते गोळीचा डोस नीट ठरवू शकतात.