जुनी सतरंजी : अंथरावी की टांगावी?

प्रश्न : आजोळच्या वाड्यातली निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची मोठी सुती सतरंजी मला मिळाली आहे. ती दिवाणखान्यात वापरावी की भिंतीवर लावावी? आणि धुवावी कशी? (एक वाचक, सातारा)

उत्तर : ती जपून ठेवलीत, याचा फार आनंद झाला. एकोणिसाव्या शतकात येरवडा, आग्रा, बिकानेर, लाहोर इथल्या तुरुंगांत कैदी उत्तम सतरंज्या विणत. तुमची त्यांतलीच आहे का, हे नुसत्या पट्ट्यांवरून ठरत नाही. विक्रेत्यांच्या तशा दाव्यांवरही विसंबू नका.

वीण घट्ट आणि कडा शाबूत असतील तर खुशाल अंथरा. गालिच्यासारखी लव नसल्याने सतरंजी दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते, म्हणून अधूनमधून उलटून घाला. गुळगुळीत फरशीवर ती सरकते. खाली न घसरणारे अस्तर हवेच. सोफ्याचे पाय तिच्यावर नकोत. ताणा उघडा पडला असेल, तर मात्र भिंतच बरी. वरच्या काठाला कापडी नेफा हाताने शिवून त्यात दांडी घाला. खिळे ठोकू नका, थेट ऊनही टाळा.

धुण्याची घाई नको. ओल्या पांढऱ्या फडक्याने प्रत्येक रंग कोपऱ्यात दाबून पाहा. फडक्याला रंग लागला, तर घरी पाणी लावूच नका. वॉशिंग मशीन आणि ब्लीच कायमचे वर्ज्य. सुताला कसर सहसा लागत नाही, पण पावसाळ्यात बुरशी धरते. त्यामुळे ठेवताना घडी न घालता मलमलमध्ये गुंडाळून ठेवा, प्लॅस्टिकमध्ये नको.

फाटलेली जागा मशीनवर शिवून घेऊ नका; हाताने रफू करणारा कारागीर शोधा.