नव्या जनित्राचे पहिले वीस तास

नवा खोंड जुवाखाली घालताना जाणता शेतकरी त्यास पहिल्याच दिवशी भरल्या गाडीला जुंपीत नाही. तसेच त्यास गोठ्यात नुसते उभेही ठेवीत नाही. आरंभी मोकळे जू, मग हलके औत, मग पुरते काम, अशा क्रमाने तो त्यास वळण लावतो. परंतु हाच शेतकरी पेट्रोलवर चालणारे लहान जनित्र बहुधा लग्नाच्या किंवा मळणीच्या आदल्या दिवशी घरी आणतो आणि दुसऱ्या दिवशी त्यावर दहा-बारा तास पुरा भार टाकतो. पुढे इंजिन तेल खाऊ लागते, निळसर धूर सोडते, ओढ कमी होते. आणि दोष मात्र विक्रेत्याला दिला जातो. वास्तविक अशा इंजिनाच्या आयुष्याचा बराचसा निकाल पहिल्या वीस तासांतच लागलेला असतो.

वीस तासांत आत काय घडते?

नव्या सिलिंडरची आतील भिंत वरवर गुळगुळीत दिसली, तरी तीवर बारीक आडव्यातिडव्या रेषा मुद्दाम राखलेल्या असतात. त्यांत वंगणाचे तेल धरून राहते. पिस्टनभोवतीच्या रिंगा या भिंतीवर घासत घासत तिच्याशी नीट जुळल्या, म्हणजे जळालेला वायू खाली निसटत नाही व खालचे तेल वर चढत नाही. यालाच रिंगा बसणे म्हणतात. ५० हर्ट्‌झची वीज देणाऱ्या साध्या लहान जनित्राचे इंजिन मिनिटास सुमारे ३००० फेरे घेते. वीस तासांत हे फेरे ३६ लक्ष होतात. रिंगा बसावयाच्या त्या एवढ्या अवधीतच.

रिंगांना भिंतीवर दाबून धरण्याचे काम ज्वलनाचा दाब करतो. भार अगदी थोडा असेल तर हा दाब अपुरा पडतो, रिंगा बसत नाहीत आणि भिंतीवर चकचकीत थर जमतो. भार अति झाला तर उष्णतेने तेलाचा पडदा फाटतो व धातूवर ओरखडे उठतात. म्हणून मध्यम आणि कमीअधिक होणारा भार हाच योग्य होय.

प्रथम तेल, मग दोरी

नवे जनित्र पुष्कळदा तेल न भरताच पेटीतून येते. तेलावाचून ते काही मिनिटे चालले तरी कायमचे बिघडू शकते. म्हणून जनित्र सपाट जागी ठेवावे, पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचे तेल खुणेपर्यंत भरावे आणि मगच दोरी ओढावी. पुढेही दर वेळी सुरू करण्यापूर्वी तेलाची पातळी पाहावी. तेल कमी होताच काही इंजिने आपोआप बंद पडतात. परंतु त्या सोयीवर विसंबून राहू नये.

भार कसा द्यावा?

जनित्राचा वेग गव्हर्नर स्थिर राखतो. तो हाताने बदलावयाचा नसतो. बदलावयाचा तो भार. समजा, जनित्र २००० वॅटचे आहे. सुरू केल्यावर पाच मिनिटे ते भाराविना चालू द्यावे. नंतर पहिले काही तास सुमारे १००० वॅटचा व पुढे १५०० वॅटपर्यंतचा भार आलटून पालटून द्यावा. आजचे एलईडी दिवे इतकी थोडी वीज घेतात की, दहा दिवे लावूनही जनित्रास भार झाला असे म्हणता येत नाही. अशा वेळी पाणी तापविण्याची १००० वॅटची कांडी उपयोगी पडते. मात्र ती पाण्यात बुडवूनच चालू करावी व प्रवाह चालू असता पाण्यास हात लावू नये. पंपाची मोटार सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते. म्हणून या काळात तिचा झटका जनित्रास देऊ नये. बंद करण्यापूर्वी भार काढून इंजिन दोन-तीन मिनिटे निवू द्यावे.

पहिले तेल काढलेच पाहिजे

घासून निघालेला धातूचा कीस तेलात उतरतो. मोटारगाडीत तेलाची गाळणी असते. अशा बहुतेक लहान इंजिनांत ती नसते. तो कीस तेलाबरोबर सर्वत्र फिरत राहतो व चांगल्या भागांस झिजवितो. याकरिता पहिले तेल २० तासांनी किंवा एका महिन्याने, जे आधी येईल तेव्हा, इंजिन कोमट असतानाच काढून टाकावे. ते काळे झाले नाही, म्हणून टाकणे जिवावर येते. परंतु उन्हात धरून पाहिल्यास त्यात पुष्कळदा धातूची चमक दिसते. त्यापुढे साधारणतः दर १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी तेल बदलावे. आपल्या पुस्तिकेत निराळे प्रमाण असल्यास तेच पाळावे. काढलेले तेल विहिरीजवळ, नाल्यात वा शेतात ओतू नये.

नित्याची निगा

हवेची गाळणी दर ५० तासांनी साफ करावी. मळणीच्या धुळीत त्याहून लवकर. स्पंजाची गाळणी साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन पूर्ण वाळवावी, स्वच्छ तेलात बुडवून पिळून बसवावी. गाळणीविना इंजिन कधीही चालवू नये. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते व ते पाणी शोषून घेते. म्हणून जनित्र महिनाभराहून अधिक काळ बंद राहणार असेल, तर टाकी व कार्ब्युरेटर रिकामे करावे.

जिवाची काळजी

इंजिनाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग नाही, वास नाही. बंद खोलीत तो झोपल्या माणसाचा जीव घेतो. पावसाच्या भयाने जनित्र पडवीत, गोठ्यात वा खोलीत आणू नये. दारेखिडक्यांपासून निदान वीस फूट दूर, उघड्यावर, वर छप्पर व चारी बाजू मोकळ्या अशा जागी ठेवावे. पेट्रोल भरावयाचे ते इंजिन बंद करून व निवल्यावर. जनित्राची तार घरातील सॉकेटात कधीही खुपसू नये. ती वीज उलट खांबावर जाऊन तेथे काम करणाऱ्या तारतंत्र्याचा प्राण घेऊ शकते. घरच्या जोडणीकरिता परवानाधारक तंत्रज्ञाकडून बदली स्विच बसवून घ्यावा.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी नव्या जनित्राच्या मालकास एक लहान वही ठेवावयास सांगावी. प्रत्येक दिवशी किती तास चालविले, भार किती होता आणि तेल केव्हा बदलले, एवढ्याच नोंदी तीत असाव्यात. आणि लग्न वा मळणी ठरली असेल, तर जनित्र आदल्या दिवशी नव्हे, महिनाभर आधी आणावे. म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या दिवशी ते जुवास रुळलेल्या बैलाप्रमाणे पुरता भार निर्धास्तपणे ओढील.