विश्वास ओळखायचा कशावरून?

प्रश्न : रविवारची उपासना चुकवत नाही, बायबलही रोज वाचते. तरी माझा विश्वास खरा आहे का, अशी शंका येते. (एक वाचक, अलीगंज, लखनौ)

उत्तर : ताई, तारण कृपेनेच मिळतं, कामांनी नव्हे, पण जिवंत विश्वास कामांत दिसतोच. पंडिता रमाबाईंचंच पाहा. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात झाला. पुढे १८९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी उपाशी मुली, विधवा आणल्या. केडगावच्या मुक्ती सदनात त्यांना जेवू घातलं, शिकवलं, छापखान्यात खिळे जुळवायला बसवलं. अशी कामं म्हणजेच प्रभूचं आज्ञापालन : ज्याच्यावर जीव आहे त्याचा शब्द मोडवत नाही. तेव्हा शंकेचं ओझं वाहत बसू नका. विश्वास कामात उतरवा : एखाद्या शेजारणीशी अबोला असेल, तर या रविवारच्या आत तिच्या दारी जाऊन या.