वेळ अमावास्या : शिवारात भरणारे कुटुंब

मार्गशीर्ष अमावास्येला भर दुपारी औराद, भालकी किंवा बसवकल्याण तालुक्यातील एखाद्या खेड्यात कोणी परका मनुष्य आला, तर गावावर काही संकट कोसळले की काय, अशी शंका त्याच्या मनात आल्यावाचून राहणार नाही. घरोघरी कुलपे आणि ओट्यांवर शुकशुकाट! सारा गाव त्या दिवशी शिवारात असतो. तिकडे आळंद, लातूर, धाराशिव या बाजूंसही हाच देखावा. हैदराबाद, पुणे, सोलापूर येथे पोटामागे गेलेली मुले, सासरी नांदणाऱ्या लेकी, जावई, भाचरे सारी त्या दिवशी शेतावर जमतात. एक वेळ दिवाळी चुकेल, पण ‘येळवस’ चुकायची नाही, असे आमच्याकडे म्हणतात. या संमेलनाला निमंत्रणपत्रिका लागत नाही. पंचांग हीच त्याची पत्रिका.

‘वेळ’ या शब्दाचा घड्याळातील वेळेशी मात्र संबंध नाही. कित्येक जण त्याचे मूळ कन्नडमधील ‘एळु’ म्हणजे सात या शब्दात शोधतात. ज्येष्ठापासून मोजल्यास ही सातवी अमावास्या येते खरी. परंतु कन्नड शेतकरी या दिवसाला ‘एळ्ळु अमावास्या’ म्हणतो, आणि ‘एळ्ळु’ म्हणजे तीळ. त्या दिवशी तिळाची भाकरी पानात असतेच. आम्हास ही दुसरी व्युत्पत्ती अधिक पटते.

हा काळ रब्बीच्या भराचा. ज्वारी कणसात आलेली, हरभरा घाट्यांवर, तुरीच्या शेंगा भरलेल्या. शेतात कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करितात, आत पाच दगड मांडून त्यांची पांडव म्हणून पूजा होते. आंबिलीची तयारी मात्र आधीच सुरू झालेली असते. ज्वारीचे पीठ आंबवून, त्यात ताक घालून ती मातीच्या भांड्यात मुरू द्यावी लागते. भज्जी हा पदार्थ तर केवळ या दिवसाचाच म्हणावा. ओली तूर, हरभरा, वाल, वाटाणा, शेंगदाणे आणि मिळतील त्या पालेभाज्या चिंचेच्या आंबटाने व डाळीच्या पिठाने एकत्र शिजवितात. शिवारात जे जे पिकले ते ते एका पातेल्यात! जोडीला बाजरीचे उंडे आणि गव्हाची खीर. पूजेनंतर पिकाभोवती आंबील शिंपडीत फिरताना जो घोष करितात, त्यातील शब्द कन्नड वळणाचे आहेत. मराठी घरातील पोराला त्यांचा अर्थ सांगता येत नाही, पण तो आवाज चढवून म्हणतो सर्वांत आधी तोच.

या प्रथेने मोठमोठे फेरफार पचविले आहेत. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि जुन्या बीदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्याकडे गेले. बीदर, भालकी, औराद इत्यादी म्हैसूरकडे आले. एका आजोबांची नातवंडे दोन राज्यांची रहिवासी झाली. त्यांची शाळा निराळी, राज्यकारभाराची भाषा निराळी. परंतु तिथी एकच राहिली. कन्नड व मराठी दोन्ही पंचांगांत महिना अमावास्येला संपतो. उत्तर हिंदुस्थानात तो पौर्णिमेला संपतो, म्हणून हीच अमावास्या तिकडे पौषाची गणली जाते. डिसेंबरचा उत्तरार्ध वा जानेवारीचा पूर्वार्ध, या सुमारास सीमेच्या दोन्ही अंगांचे भाऊबंद कोणी न कळविता एकाच दिवशी निघतात.

सीमेपेक्षा वाटणीचे भय मोठे आहे. चार भावांची चार वावरे झाली की चार कोपी होतात. पुढे एखादे वावर विकले जाते, आणि त्या घरच्या मुलांना येण्यास जागाच उरत नाही. यावर काही घरांनी पाळीचा तोडगा काढिला आहे : पांडवांची जागा सामाईक ठेवायची आणि खर्च व स्वयंपाक दर वर्षी एकेका घराने उचलायचा. पाळीची रीत आपल्या भागास नवी नाही. अणदूर आणि नळदुर्ग येथील खंडोबाची मूर्ती एकच. ती ठरल्या मुदतीने एका गावाहून दुसऱ्या गावी जाते, आणि दोन्ही गावे तो करार पाळतात. ज्यांना जमीनच नाही, त्यांना शेजारी आपल्या कोपीत बोलावितो, हेही येथे सांगितले पाहिजे.

तथापि एक गोष्ट आम्हास खटकते. पुष्कळ घरांत पहाटेपासूनचे सारे कष्ट सुनांच्या वाट्याला येतात आणि शहरातून आलेली तरुण मंडळी दुपारी थेट पंगतीला बसतात. अशा मुलांना कोप कशी बांधावी हे येत नाही, आंबील किती दिवस आंबवावी हेही ठाऊक नसते. आजी थकली की भज्जीही संपते. विद्यार्थिमित्रांनी एक वही करावी. कोणत्या वावरात पांडव आहेत, कोणत्या वर्षी कोणाची पाळी होती, कोणती शाखा कोणत्या गावी गेली, आणि आजीच्या भज्जीत काय काय पडते, हे तिच्याच तोंडून ऐकून लिहून घ्यावे. आजी प्रमाण सांगताना ‘मूठभर’ म्हणेल. तेव्हा तिचीच मूठ मापून घ्यावी.