प्रगत एचआयव्ही-रुग्णांचे समुपदेशन : खाटेजवळचा संवाद

एचआयव्ही-बाधित प्रौढ व्यक्तीच्या रक्तातील सीडी-४ पेशींची संख्या दर घनमिलीमीटरला २०० च्या खाली गेली, अथवा क्षयरोगासारख्या गंभीर संसर्गाने तिला ग्रासले, म्हणजे त्या अवस्थेस प्रगत एचआयव्ही असे म्हणतात. भारतात शासकीय केंद्रांतून एआरटी औषधे विनामूल्य देण्यास १ एप्रिल २००४ रोजी प्रारंभ झाला. तरीही अशा अवस्थेतील रुग्ण आजही रुग्णालयात दाखल होतात. त्यांतील बरेचजण नव्याने निदान झालेले नसून औषधे मध्येच सोडून परतलेले असतात.

‘गोळ्या का बंद केल्या?’ हा प्रश्न अशा रुग्णास बहुधा पहिल्याच भेटीत विचारला जातो, आणि तेथेच समुपदेशन फसते. प्रश्न आवश्यक खरा. पण ती त्याची वेळ नव्हे. तापाने ग्लानी आलेला रुग्ण खोटे तरी सांगतो, नाहीतर भिंतीकडे तोंड फिरवितो. त्याला कोठे दुखते आणि आपल्या आजाराविषयी तो काय समजून आहे, हे प्रथम जाणून घ्यावे.

क्रिप्टोकोकस या बुरशीमुळे होणाऱ्या मेंदूच्या आवरणाच्या दाहात तर समुपदेशकाची खरी कसोटी लागते. असह्य डोकेदुखी, उलट्या, दृष्टी अंधुक होणे ही त्याची लक्षणे. डॉक्टर पाठीतून पाणी काढण्यास सांगतात आणि नातेवाईक घाबरतात. त्या सुईने माणूस लुळा पडतो, अशी समजूत घरोघर आहे. डोक्यातील वाढलेला दाब त्यामुळे उतरतो, डोकेदुखी हलकी होते, आणि म्हणूनच ही क्रिया पुन्हा पुन्हा करावी लागते, हे साध्या शब्दांत सांगितले तर नकाराचा होकार होऊ शकतो. दुसरा पेच याहून अवघड. एआरटी लवकर सुरू करावी असे सर्वत्र ऐकलेल्या रुग्णास येथे मात्र चार ते सहा आठवडे थांबावयास सांगितले जाते. बुरशी आटोक्यात येण्यापूर्वी प्रतिकारशक्ती उसळली तर मेंदूला धोका संभवतो, हे कारण न सांगितल्यास ‘आपली आशा सोडली’ असाच अर्थ तो घेतो. रुग्ण भ्रमात असेल, तर हेच दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगावे लागते.

कक्षात खाटेला खाट लागलेली असते. पडद्याने दृष्टी अडते, आवाज नव्हे. म्हणून रोगाचे नाव न घेता बोलण्याची सवय हवी. गोव्यास या भयाची आठवण आहे. १९८९ मध्ये डॉमिनिक डिसोझा यांना केवळ एचआयव्ही-बाधित म्हणून म्हापशात ६४ दिवस कोंडून ठेवण्यात आले होते. १० सप्टेंबर २०१८ पासून अंमलात आलेल्या २०१७ च्या एचआयव्ही व एड्स कायद्यानुसार, कायद्यात नमूद केलेले अपवाद वगळता, रुग्णाच्या संमतीवाचून त्याची स्थिती कोणासही सांगता येत नाही. उशाशी बसलेला सख्खा भाऊही त्यास अपवाद नाही.

क्षयरोग असलेल्यांची गोष्ट थोडी निराळी. रिफाम्पिसिनमुळे डोलुटेग्रॅविरचे रक्तातील प्रमाण घटते. म्हणून दिवसातून एकदा घ्यावयाची ५० मिलिग्रॅमची मात्रा दोनदा घ्यावी लागते. ही जादा गोळी कशासाठी, हे न कळल्यास तीच प्रथम गाळली जाते. शिवाय एआरटी सुरू झाल्यावर काही आठवड्यांत ताप उलटतो, मानेच्या गाठी सुजतात. ‘औषध मानवले नाही’ म्हणून घरचेच गोळ्या बंद करतात. वास्तविक जागी झालेली प्रतिकारशक्ती शरीरात दडलेल्या जंतूंवर तुटून पडल्याचे ते लक्षण असू शकते. अशा वेळी औषध न थांबविता तत्काळ रुग्णालयात यावे, हे आधीच सांगून ठेवलेले बरे.

घरी पाठविताना केवळ चिठ्ठी हाती देऊन भागत नाही. औषधे घ्यावयाची कोणत्या एआरटी केंद्रातून, तेथे जावयाचे कोणत्या तारखेस, बसभाड्याची सोय आहे काय, सोबत कोण येणार, हे खाटेजवळच ठरवावे. आणि त्या केंद्रातील समुपदेशकास, रुग्णाच्या संमतीने, तो निघण्यापूर्वीच दूरध्वनीवरून कळवावे. गोळ्या का सुटल्या होत्या, हे रुग्ण बहुधा याच वेळी, कपडे आवरता आवरता, आपणहून सांगतो.